बेरी गेली कुठे? सिएरा नेवाडाखालच्या हरवलेल्या मुळाचे प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराकडून सिएरा नेवाडा पर्वत चढू लागले की वाटेत बिग क्रीक नावाची छोटी वस्ती लागते. चहूकडे ग्रॅनाइट. पण या ग्रॅनाइटला भेदून मधूनच काळपट ज्वालामुखी खडक वर आलेला दिसतो. १ कोटी २० लाख ते ८० लाख वर्षांपूर्वीच्या काळात या भागात खोलवरून शिलारस वर आला आणि येताना वाटेत लागलेल्या खडकांचे तुकडे ओरबाडून सोबत घेऊन आला. अशा तुकड्यांना भूवैज्ञानिक झेनोलिथ म्हणतात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच ‘परका दगड’. इथले काही झेनोलिथ आकाराच्या मानाने चांगलेच जड आहेत. फोडले की हिरव्या पायरोक्सिनमध्ये लाल गार्नेटचे दाणे पेरल्यासारखे दिसतात. या खडकाचे नाव गार्नेट पायरोक्सिनाइट. सगळे प्रकरण या एका खडकाभोवती फिरते. कधीकाळी तो या डोंगराच्या मुळाशी होता, याचा पुरावा हातात घेता येतो. आज तो तिथे नाही.

सिएरा नेवाडा सुमारे ६४० किलोमीटर लांब आहे. माउंट व्हिटनी हे तिचे सर्वोच्च शिखर ४,४२१ मीटरचे. बे एरियात राहणारी मराठी मंडळी सुट्टीत योसेमिटीला जातात आणि एल कॅपिटन, हाफ डोमसमोर फोटो काढतात. ते उभे कडे म्हणजे एके काळच्या ज्वालामुखींची पोटे आहेत. फॅरेलॉन नावाची सागरी प्लेट उत्तर अमेरिकेखाली घुसत होती, तेव्हा इथे आजच्या अँडीजसारखी ज्वालामुखींची रांग होती. हे काम २० कोटी वर्षांहून आधी सुरू झाले, पण सारखे चालले नाही. आज दिसणाऱ्या ग्रॅनाइटचा मोठा हिस्सा १० कोटी ते ८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका जोरदार भरात तयार झाला. मग फॅरेलॉन प्लेट खोल न जाता आडवी सरकू लागली आणि शिलारसाचा पुरवठा आटला. वरचे ज्वालामुखी झिजून गेले आणि त्यांच्या पोटात गोठलेला ग्रॅनाइट उघडा पडला.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. पुढचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: इतका ग्रॅनाइट बनवल्यावर खाली काय उरले?

लोणी कढवले की वर तूप येते आणि तळाशी बेरी बसते. ग्रॅनाइटचेही काहीसे तसेच आहे. खाली जाणारी प्लेट पाणी सोडते, त्या पाण्याने वरचे प्रावरण वितळू लागते आणि तो बेसाल्टी रस भूकवचाच्या तळाशी येऊन साचतो. तिथे तो हळूहळू थंड होतो, आधीच्या खडकालाही थोडे वितळवतो. सिलिकाने भरलेला हलका द्रव वर निघून जातो; तोच पुढे ग्रॅनाइट होतो. ज्यांत लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम जास्त अशी जड खनिजे तळाशी राहतात. ३५-४० किलोमीटरपेक्षा खोल असले तर दाबामुळे तिथे फेल्डस्पार टिकत नाही, त्याच्या जागी गार्नेट येते. म्हणजे उरते ते गार्नेट आणि पायरोक्सिन: बिग क्रीकचा तोच जड दगड.

एका बाबतीत मात्र तुपाची उपमा उलटी होते. घरी तूप भरपूर आणि बेरी थोडी असते. ग्रॅनाइटच्या रासायनिक हिशेबात बेरी निदान तुपाइतकी, बहुधा दुप्पट-तिप्पट निघते. सिएराखाली ३० किलोमीटरच्या आसपास जाडीचा ग्रॅनाइट असेल, तर त्याखाली आणखी तेवढाच किंवा त्याहून जाड गाळ हवा. आणि तो हलका नाही. ग्रॅनाइटची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅमच्या आसपास, प्रावरणातल्या पेरिडोटाइटची ३.३, आणि गार्नेट पायरोक्सिनाइटची ३.५ किंवा थोडी अधिक. म्हणजे डोंगराच्या तळाची ही बेरी ज्यावर टेकलेली आहे त्याहून जड. जडावर हलके असले तर ते राहते. हलक्यावर जड ठेवले तर कधी ना कधी ते उलटणारच.

ही बेरी प्रत्यक्ष जागेवर बघायची असेल तर त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. लडाखच्या ग्रॅनाइट पट्ट्याचा पश्चिमेकडचा सोबती म्हणजे पाकिस्तानातला कोहिस्तान. भारतीय उपखंड आशियाला धडकला तेव्हा इथली ज्वालामुखी बेटांची रांग कलंडून तळापासून माथ्यापर्यंत उघडी पडली. सिंधू नदीकाठच्या जिजाल भागात तिच्या तळाचे गार्नेटयुक्त खडक जमिनीवरच आहेत. सिएराच्याच दक्षिण टोकाला तेहाचापी डोंगरांत ३० किलोमीटर खोलीवरचे खडक वर आलेले आहेत, पण त्याहून खालचा थर तिथे मिळत नाही. आडव्या सरकलेल्या फॅरेलॉन प्लेटने तो त्या भागात खरवडून नेला असे मानले जाते.

आता डोंगराला मूळ असते ही कल्पना आली कुठून, हेही सांगायला हवे, कारण त्या कल्पनेचा जन्म आपल्याकडच्या मोजणीतला आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य प्रदेशातले कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशातले कलियाना या दोन ठिकाणांमधले अक्षांशाचे अंतर दोन रीतींनी काढले गेले: जमिनीवर साखळी आणि त्रिकोणांनी, आणि ताऱ्यांवरून. दोन्हींत ५ सेकंदांपेक्षा थोडा जास्त फरक आला. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढते, म्हणून हे होत असावे, असे वाटले. कोलकात्याच्या जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा ओढ १५ सेकंदांच्या वर यायला हवी होती. हिमालय जितका दिसतो तितका ओळंब्याला खेचत नव्हता. त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिले: पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याचा जसा बराच भाग पाण्याखाली असतो, तसे डोंगराखाली हलक्या कवचाचे खोल मूळ असते, आणि ते जड प्रावरणाची जागा घेत असल्यामुळे एकूण ओढ कमी भरते.

हीच कल्पना अँड्रू लॉसन यांनी १९३६ मध्ये सिएराला लावली. (सॅन अँड्रिआस भ्रंशाला नाव देणारे तेच हे लॉसन.) बर्कलीचे पेरी बायर्ली यांना दिसले की सिएरा ओलांडून येणाऱ्या भूकंपलहरी उशिरा पोहोचतात, म्हणजे वाटेत जाड हलके मूळ असणार. पुढची कितीतरी वर्षे हेच चित्र राहिले: ४,००० मीटरचा डोंगर, त्याखाली ५० किलोमीटरहून जाड कवच.

१९९३ मध्ये दक्षिण सिएरात सुरुंगांचे स्फोट करून लहरी नोंदवल्या गेल्या तेव्हा ते चित्र कोसळले. ब्रायन वर्निकी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये निकाल मांडला. सर्वांत उंच शिखरांखाली कवच अवघे ३० ते ३५ किलोमीटरचे निघाले. शेजारी, त्याच्याहून कितीतरी ठेंगण्या नेवाडाच्या सपाट प्रदेशातही ते जवळपास तेवढेच आहे. जाड कवच मिळाले ते पश्चिमेच्या पायथ्याखाली, जिथे डोंगर बुटका आहे. शिवाय कवचाच्या तळापर्यंत लहरींचा वेग ग्रॅनाइटला शोभेल इतकाच. म्हणजे तूप तळापर्यंत भरलेले, आणि त्याखाली लगेच प्रावरण. बेरीचा पत्ता नाही.

एवढ्यावर कुणी म्हणू शकेल की बेरी कधी नव्हतीच, हिशेबच चुकला. इथे बिग क्रीकचे दगड उपयोगी पडतात. मिहाई डुसिया आणि जेसन सालीबी यांनी १९९६ पासून या झेनोलिथांवर जे काम केले, ते माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत भक्कम भाग आहे. गार्नेट आणि पायरोक्सिन शेजारी शेजारी असले की लोह आणि मॅग्नेशियम आपापसांत कसे वाटून घ्यायचे हे तापमान ठरवते. काही घटकांचे प्रमाण दाबावरही अवलंबून असते. म्हणून एका दगडातल्या दोन दाण्यांच्या रसायनावरून तो कुठल्या खोलीवर, किती गरमीत बसून होता ते काढता येते. हे तुकडे ४० किलोमीटर आणि त्याहूनही बऱ्याच जास्त खोलीवरचे निघाले. समॅरियम-निओडिमियम पद्धतीने त्यांचे वय १२ ते ८ कोटी वर्षांच्या आसपास आले, म्हणजे वरच्या ग्रॅनाइटइतकेच. समस्थानिकांची गुणोत्तरेही ग्रॅनाइटशी जुळली. गार्नेट जी जड दुर्मिळ मूलद्रव्ये धरून ठेवते, तीच नेमकी ग्रॅनाइटमध्ये कमी. तूप आणि बेरी एकाच कढईतली, यात शंका उरली नाही.

आणि त्यांचे तापमान? खोलीच्या मानाने थंड. म्हणजे हे मूळ १ कोटी वर्षांपूर्वीही जागेवर होते आणि निवून घट्ट झाले होते.

मग नंतरचे झेनोलिथ पाहिले गेले. गेल्या ३५-४० लाख वर्षांतल्या ज्वालामुखींनी, मुख्यतः डोंगराच्या पूर्वेकडच्या ओवेन्स खोऱ्याच्या बाजूने, जे तुकडे वर आणले त्यांत गार्नेट पायरोक्सिनाइट नाही. त्यांत स्पिनेल नावाचे खनिज असलेला पेरिडोटाइट आहे, तोही गरम. ४०-५० किलोमीटर खोलीवर १,१०० अंश सेल्सिअसच्या पुढे. आधीच्या तुकड्यांत त्याच खोलीवर तापमान त्याहून शेकडो अंशांनी कमी होते. याचा सरळ अर्थ असा की ८० लाख ते ३५ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान कधीतरी थंड, जड तळ निघून गेला आणि त्याच्या जागी खालचे गरम, मऊ प्रावरण वर आले. नेमक्या ३५ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास दक्षिण-मध्य सिएरात पोटॅशियमने भरलेल्या लाव्ह्याचा एक छोटा, तीव्र उद्रेककाळही आहे. जुन्या, पाण्याने मुरलेल्या प्रावरणाला अचानक धग लागली तर असाच रस मिळेल.

एक शंका प्रामाणिकपणे नोंदवतो. आधीचे तुकडे जास्त करून डोंगराच्या मध्य-पश्चिम भागातले आहेत, नंतरचे पूर्वेकडचे. ‘आधी आणि नंतर’ म्हणताना आपण अंशतः ‘इकडे आणि तिकडे’ची तुलना करतो आहोत. म्हणूनच केवळ दगडांवर थांबता येत नाही, लहरींची साक्षही लागते. ती साक्ष पूर्वेकडच्या उंच भागाखाली गरम, मंद प्रावरण दाखवते आणि मूळ तिथून गेल्याला दुजोरा देते.

आपल्याकडे मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर लॅम्प्रोफायर या खडकाच्या भित्तींतही (भेगांत शिरून गोठलेल्या शिलारसाच्या पट्ट्यांतही) कवचाच्या तळाचे आणि प्रावरणाचे असेच तुकडे वर आलेले आहेत, आणि गोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांवरून दख्खनच्या पठाराखालच्या तापमानाचा अंदाज बांधला. पद्धत तीच. फक्त तिथे दोन वेगवेगळ्या काळांतले तुकडे शेजारी ठेवून बदल पाहण्याची सिएरासारखी सोय नाही.

जड तळ ७ कोटी वर्षे टिकला कसा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. जड असणे पुरेसे नसते. खालचा थर वाट देईल इतका मऊ असावा लागतो आणि तळ वरून सुटेल इतका सैल. आडव्या फॅरेलॉन प्लेटने खालून जणू थंड फडके लावले. आजही पश्चिम सिएरातून बाहेर पडणारी उष्णता अमेरिकेतल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी आहे. थंड खडक ताठ असतो, ओघळत नाही. मग परिस्थिती बदलली. सॅन अँड्रिआस भ्रंश लांबत गेला तसतशी फॅरेलॉनची घुसण बंद पडत गेली आणि प्लेटच्या जागी पोकळी होऊन गरम प्रावरण वर चढले. पूर्वेकडून नेवाडाचा प्रदेश ताणला जाऊन सिएराची पूर्व कड कापू लागला. जिथे तळाला गरमी आणि फट मिळाली, तिथून तो सुटू लागला. भिंतीचा पोपडा जसा एका कडेने उचलला जातो आणि मग आपल्याच वजनाने खाली लोंबतो, तसा. काही अभ्यासक पोपड्याऐवजी थेंबाची कल्पना करतात: मधेच एक जड फुगवटा तयार होऊन खाली ओघळणारा. सिएराच्या बाबतीत पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी रीत पाहता मला पोपड्याची कल्पना जास्त पटते.

गेलेली बेरी आज कुठे आहे, यावर मात्र खरा वाद आहे. सिएराच्या पश्चिमेकडच्या सॅन वाकिन खोऱ्याच्या पूर्व कडेखाली, सुमारे १०० किलोमीटर रुंद आणि २०० किलोमीटरहून खोल जाणारा एक भाग आहे, जिथून भूकंपलहरी आसपासपेक्षा वेगाने जातात. १९८० च्या सुमारास तो दिसला. जवळच्या इसाबेला तलावावरून त्याला इसाबेला अनॉमली (विसंगती) म्हणतात. १९९७ च्या ‘सिएरन पॅराडॉक्स’ प्रयोगातून मिळालेल्या नोंदींवर जॉर्ज झँट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडले की हाच तो घसरत असलेला तळ. त्यांना कवच आणि प्रावरण यांमधली मोहो सीमा डोंगराच्या पश्चिम भागाखाली खाली ओढली जाऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखी झालेली, आणि एका पट्ट्यात तर जवळपास नाहीशी झालेली आढळली. २०१३ मध्ये एका गटाने वेगळेच सुचवले: हा फॅरेलॉनचाच एक तुटलेला तुकडा आहे, किनाऱ्याजवळच्या माँटेरे सूक्ष्म प्लेटला अजून चिकटलेला आणि तिच्याबरोबर उत्तरेकडे खेचला जाणारा.

माझे मत असे की या दोन प्रश्नांची गल्लत करू नये. मूळ गेले का, याचे उत्तर दगड देतात आणि ते ‘होय’ आहे. अनॉमली म्हणजे तेच मूळ का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि लहरींच्या चित्रावरून तो सुटत नाही, कारण थंड सागरी प्लेट आणि थंड गार्नेट पायरोक्सिनाइट या दोन्हींतून लहरी वेगानेच जातात. तो तुकडा जुन्या प्लेटचा निघाला, तरी बेरी हरवल्याची गोष्ट खोटी ठरत नाही. पश्चिम पायथ्याखाली ४० किलोमीटरच्या आसपास खोलीवर अजूनही भूकंप होतात, आणि एवढ्या खोलीवर खडक सहसा तुटत नाहीत, वाकतात. दक्षिणेत तळ सुटून गेला, मध्य भागात तो आज सुटतो आहे, असे जे अलीकडचे अभ्यास सांगतात, त्यांना या भूकंपांचा आधार आहे.

मूळ गेले, तर डोंगर खचायला हवा की उचलला जायला हवा? एअरीच्या हिशेबाने हलके मूळ गेले तर डोंगर खचतो. पण हे मूळ हलके नव्हते, गळ्यात बांधलेल्या धोंड्यासारखे होते. ते सुटल्यावर वरचा ग्रॅनाइट मोकळा होऊन उचलला जातो, आणि त्या मुळाच्या जागी आलेले गरम प्रावरणही त्याला हातभार लावते. सिएरा आज ग्रॅनाइटच्या हलकेपणावर आणि खालच्या उष्णतेवर उभी आहे.

किती उचलली, यावर दोन बाजूंचे पुरावे आहेत. किंग्ज नदीच्या दरीतल्या गुहांमध्ये अडकलेल्या क्वार्ट्झच्या गोट्यांतले अ‍ॅल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० मोजून ग्रेग स्टॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की २७ लाख ते १५ लाख वर्षांपूर्वी नदी वर्षाला सुमारे ०.२ मिलिमीटर वेगाने दरी खणत होती आणि नंतर ती मंदावली. तळ सुटण्याच्या वेळेशी हे जुळते. दुसरीकडे उत्तर सिएरातली ती प्रसिद्ध सोने असलेली वाळू आहे. १८४८ नंतर सोन्याच्या लोभाने लोकांनी पाण्याचे जोरकस फवारे मारून डोंगरच्या डोंगर धुऊन काढले आणि गाळाने नद्या भरल्या. शेवटी १८८४ मध्ये न्यायालयाला ते थांबवावे लागले. ती रेती म्हणजे ४-५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांचे पात्र. त्यातल्या मातीच्या खनिजांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून अँड्रिआस मुल्च यांच्या गटाने २००६ मध्ये काढले की तेव्हाच डोंगर २,२०० मीटर किंवा त्याहून उंच होता. म्हणजे सिएरा ही ३५ लाख वर्षांपूर्वी अचानक उठलेली नाही. ती जुनीच उंच होती; मूळ सुटल्याने दक्षिणेकडच्या भागाला वरून आणखी काही भर मिळाली असावी, असे मी दोन्ही पुरावे एकत्र ठेवून म्हणेन.

उचलल्याइतकेच खचलेलेही आहे. सॅन वाकिन खोऱ्यात, इसाबेला अनॉमलीच्या परिसरात, तुलारे खोलगट भाग आहे. झोर्का फॉस्टर यांच्यासह सालीबी यांनी २००४ मध्ये मांडले की खाली घसरणारा जड तळ वरच्या जमिनीलाही ओढतो आहे आणि म्हणून तो भाग गाळाने भरूनही खालीच राहतो. किंग्ज, कविया, तुले आणि कर्न या सिएरातल्या नद्या इथे येऊन साचत. एके काळी मिसिसिपीच्या पश्चिमेला गोड्या पाण्याचा सर्वांत मोठा तलाव होता तो हाच, तुलारे. तची योकुत लोक त्याला पाआशी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नद्यांचे पाणी शेतीकडे वळवले गेले, तलाव आटला आणि त्याच्या तळावर कापूस, टोमॅटो पिकू लागले. त्यात भूजलाचा इतका उपसा झाला की जमीन आणखी खचली. हे खचणे माणसाचे आहे आणि बेरीच्या नावावर मांडता येत नाही. २०२३ मध्ये दक्षिण सिएरावर विक्रमी बर्फ पडले. ते वितळून चारही नद्यांनी खाली आले आणि तलाव होता तिथेच पुन्हा भरला.